सणासुदीचा ‘चोर कोण?’ : लहान मुलांच्या घरासाठी रहस्यखेळ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच भावंडं एका घरात जमली की दुसऱ्या-तिसऱ्या दुपारी ‘आता काय करू?’ सुरू होतं. त्या दुपारसाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक दिवाळीची घेतली आहेत, कारण घर तेव्हा भरलेलं असतं आणि या खेळाला सामानापेक्षा माणसं जास्त लागतात.

हा खेळ म्हणजे नेमकं काय?

घरात काहीतरी ‘घडतं’. लाडवांचा डबा नाहीसा होतो, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कुणीतरी पळवतं, किल्ल्यावरचा मावळा जागेवर नसतो. मोठी माणसं संशयित होतात आणि मुलं तपास करतात. प्रत्येकाला एक भूमिका मिळते, आणि खेळ संपेपर्यंत त्या भूमिकेतूनच बोलायचं असतं. संवाद पाठ करायची गरज नाही. काका तेवढ्या वेळापुरते गडावर मुक्कामाला आलेले मिठाचे व्यापारी असतात. ‘काल रात्री कुठे होतात?’ असं विचारलं की व्यापाऱ्याला शोभेल असं उत्तर द्यायचं, एवढंच.

‘खजिना शोधा’ मध्ये चिठ्ठ्या वाचत पळायचं असतं. इथे माणसांना प्रश्न विचारायचे असतात, त्यांच्या थापा पकडायच्या असतात. एक जण सूत्रधार होतो. त्याला सगळं माहीत असतं, म्हणून तो स्वतः संशयितांत नसतो.

हे परदेशी खूळ आपल्या सणात कशाला?

घरात बसून ‘खून कुणी केला’ ओळखायचं, ही करमणूक इंग्रजांची खरी. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेला ‘क्लूडो’ हा पटावरचा खेळ १९४९ मध्ये बाजारात आला. भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेण्याचे खेळ अमेरिकेत १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून फोफावले.

पण भोंडल्याची गाणी संपल्यावर डबा कानाशी हलवून, आवाजावरून खिरापत ओळखायची, हा तपास नाही तर काय आहे? ‘राजा-राणी-चोर-शिपाई’च्या चिठ्ठ्या घडी घालून उधळायच्या आणि शिपायाने समोरच्यांच्या चेहऱ्यावरून चोर ओळखायचा, हे आपण शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळलोच आहोत. पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून घरमालकालाच दम भरणारा बहुरूपी तर भूमिका वठवण्यातला उस्ताद. तेव्हा साहित्य घरचंच आहे, फक्त मांडणी नवी.

खून मात्र वगळा. पाच वर्षांच्या मुलापुढे खोटंसुद्धा प्रेत नको, सणाच्या दिवशी तर नकोच.

कितव्या वर्षापासून जमतो?

पाचव्या वर्षापासून बऱ्यापैकी, सातव्यापासून छान. त्याआधी का अवघड जातो, त्याला कारण आहे. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं ठामपणे नवं कपाट सांगतात. आपल्याला माहीत आहे ते त्या मुलाला माहीत नाही, हे त्यांच्या डोक्यात अजून बसलेलं नसतं. चार-पाचच्या सुमारास ते उमजू लागतं, आणि रहस्याची सगळी गंमत तर त्यावरच उभी असते.

म्हणून तीन-चार वर्षांच्या पिल्लाला गुपित सांगू नका. ‘आजोबा चोर नाहीत हं!’ असं ते पहिल्याच मिनिटाला जाहीर करेल. त्याला काम द्या: पिठातली पावलं शोधायची, भिंग धरायचं, सापडलेली वस्तू ताटात ठेवायची.

पहिलीतल्या मुलाला जोडाक्षरं जड जातात, तेव्हा त्याच्या चिठ्ठीत ‘देव्हाऱ्यामध्ये’ नको, ‘कपाटात’ चालेल. सात ते नऊ या वयाला दोन जबान्या ताडून पाहता येतात आणि खोटं पकडल्यावर होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. दहाच्या पुढची मुलं लहानांच्या तपासात घुसतात, म्हणून त्यांना सरळ सूत्रधाराचे मदतनीस करा.

चोर कुणाला करायचं?

मोठ्या माणसाला. या नियमाला मी अपवाद ठेवत नाही.

मुलाला चोर केलं की दोन गोष्टी होतात. एक तर त्याला गुपित पेलत नाही, ते मधेच हसतं किंवा रडतं. दुसरं म्हणजे खेळ संपला तरी भावंडांच्या तोंडी ते ‘चोर’च राहतं, आणि भाऊबीजेपर्यंत हा शिक्का पुसला जात नाही. मोठ्या माणसाचं असं काही बिघडत नाही. उलट, नेहमी प्रश्न विचारणारा माणूस आज उत्तरं देताना गडबडतो, याची मुलांना भलतीच मजा वाटते.

चोरीमागचं कारण मायेचं किंवा हास्यास्पद असू द्या. हाव, सूड, पैसा यांत काही राम नाही. मुलांना ज्याची भीती वाटत नाही असा माणूस निवडा. बहुतेक घरांत ते आजोबाच निघतात. पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला चोर केलं तर पोरं त्याला तासाभरात आपलंसं करतात. सासूबाईंची परवानगी मात्र आधी घ्या.

आणखी एक. कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, इस्त्रीवाले यांना गमतीतही संशयितांच्या यादीत घालू नका. घरात काही हरवलं की खरा संशय आधी कुणावर जातो, हे त्यांना पुरेपूर ठाऊक असतं. मुलांनी तो धडा खेळातून गिरवू नये.

एखादं तयार रहस्य देता का?

देतो. नाव ‘पहारेकरी कुठे गेला?’ वेळ नरक चतुर्दशीची, अभ्यंगस्नान आणि फराळ उरकल्यानंतरची सकाळ. अंगणात, गच्चीत किंवा गॅलरीत मुलांनी केलेला किल्ला हवा.

आदल्या रात्री मुलं झोपली की सूत्रधार किल्ल्याच्या दारातला मावळा उचलतो. (सिंहासनावरच्या महाराजांना हात लावायचा नाही, पहारेकरी पुरे.) त्या जागी चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरून मोठ्या चपलेचा एक ठसा उमटवायचा. फराळानंतर सूत्रधार दवंडी देतो: गडाचा पहारेकरी बेपत्ता आहे, आणि तपास बहिर्जी नाईकांच्या हेरांकडे सोपवला आहे. हेर म्हणजे अर्थात मुलं.

संशयित चार. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, तिच्यात तीनच गोष्टी: मी कुठे होतो, मी काय लपवतोय, मी खरंच काय पाहिलं.

आजी झाल्या कोठीवरच्या बाई. त्या म्हणणार, रात्रभर चकल्या मोजत होते. लपवायचं हे, की मोजता मोजता दोन त्यांनीच खाल्ल्या. पाहिलेलं खरं: पहाटे मोरीत दिवा लागला होता.

काका मिठाचे व्यापारी. ‘मी तर गाढ झोपलो होतो.’ लपवायचं हे, की अंधारात त्यांचा पाय किल्ल्याच्या खंदकात पडला आणि त्यांनी तो गुपचूप लिंपून टाकला. पिठातला ठसा त्यांचाच. पाहिलेलं खरं: कुणीतरी खांद्यावर पंचा टाकून चाललं होतं.

मावशी शाहीर. त्या पोवाडा रचत होत्या. लपवायचं हे, की रात्रभरात दोनच ओळी झाल्या आहेत. (हेरांनी म्हणून दाखवायला सांगितल्यावर जे होतं, त्यासाठीच ही भूमिका ठेवली आहे.) ऐकलेलं खरं: ‘चल, सगळ्यांच्या आधी तुझा नंबर’ असं कुणीतरी कुजबुजलं.

आजोबा किल्लेदार. ‘मी गस्त घालत होतो.’ लपवायचं ते मोठं गुपित. त्यांनी बोलता बोलता एकदा तरी हळहळायचं: ‘बिचाऱ्याच्या अंगाला वर्षभर तेल नाही हो!’

मुलं आधी ठशावर तुटून पडतात. दोरीने सगळ्यांच्या चपला मोजतात, काका सापडतात, काका खंदकाची कबुली देतात, आणि हेरांना वाटतं झालं. मग सूत्रधार विचारतो, ‘खंदक मोडला हे खरं, पण मावळा कुठे आहे?’ व्यापाऱ्याची झडती घ्या, मावळा नाही. इथे खेळाला खरा रंग चढतो.

आता चार वाट्या पुढे येतात. चौघांनी पहाटे हात धुतलेलं पाणी, असं सांगायचं. तीन वाट्यांत साधं पाणी, आजोबांच्या वाटीत कपड्यांचा साबण थोडा किसून विरघळवलेला. हेर प्रत्येक वाटीत हळदीच्या कागदाची पट्टी बुडवतात. तीन पिवळ्याच राहतात, चौथी लालबुंद होते, आणि गॅलरीत एकच गलका होतो.

मोरीतला दिवा, पंचा, तेल, साबण. थोड्या वेळाने कुणीतरी किंचाळतं, ‘आंघोळ!’ मोरीच्या दाराआड पाटावर, हातरुमालात गुंडाळलेला मावळा सापडतो, कपाळाला उटण्याचा टिळा लावलेला. सगळ्यांना अभ्यंगस्नान झालं, रात्रभर दवात उभ्या राहणाऱ्याचं काय, म्हणून किल्लेदारांनी त्याला आधी नेला होता. मातीच्या मावळ्याला खरंच पाण्यात घालू नका, रंग उतरेल आणि मग खरे अश्रू येतील. टिळ्यावर भागवा.

शिक्षा हेरांनी ठरवायची. आजोबांनी मावळ्याच्या जागी पाच मिनिटं पहारा द्यावा, अशी शिक्षा झाली तर फोटो काढायला विसरू नका.

हळदीचा कागद कसा करायचा? आणखी कोणते पुरावे घरी होतात?

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला ब्रशने लावा, वाळवा, बोटभर पट्ट्या कापा. साबण, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी यांनी ती लाल होते; लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीपासून कुंकू होतं तेही याच गुणावर, आणि हे आजींनी सांगितलं तर मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात. पट्टी आदल्या दिवशी एकदा करून पाहा, कारण काही साबण सौम्य असतात आणि रंग फिका येतो. वाट्या चाटायच्या नाहीत, हेही आधी बजावा.

लिंबाच्या रसाने काडीने लिहून वाळवलं की अक्षर दिसत नाही; कागदावरून गरम इस्त्री फिरवली की तपकिरी उमटतं. इस्त्री मोठ्यांनीच धरायची. पणतीवर कागद धरण्याचा प्रयोग नको.

गुप्त लिपीसाठी इंग्रजी मुळाक्षरांची गरज नाही. व्यंजन एक घर पुढे सरकवा, काना-मात्रा तशाच ठेवा: ‘कपाट’चं ‘खफाठ’ होतं, ‘डबा’चं ‘ढभा’. वर्णमालेचा तक्ता भिंतीवर असला की दुसरीतली मुलं हे सोडवतात. ‘ळ’ आणि जोडाक्षरं असलेले शब्द टाळा, तिथे गाडी अडते.

कानाने ओळखायची लिपी हवी तर आपली च-ची भाषा आहेच. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाका आणि पुढे ‘च’ लावा: ‘मोदक’ म्हणजे ‘चदकमो’, ‘काय’ म्हणजे ‘चयका’. मोठ्यांना ती आठवते, फक्त वेग गेलेला असतो. एखाद्या संशयिताने सगळी जबानी च-च्या भाषेत दिली की मोठी भावंडं दुभाषे होतात आणि त्यांना आपोआप मान मिळतो.

रांगोळीची पूड ठशांसाठी वापरू नका, मुलं तोंड जवळ नेऊन फुंकर मारतात. तांदळाचं पीठ बरं.

किती वेळ चालावा?

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर अर्ध्या तासात आवरा.

मुलं अडकली तर? किंवा एकच मूल सगळं सोडवून मोकळं झालं तर?

अडकण्याचा बंदोबस्त आधीच करायचा असतो. चोरापर्यंत निदान तीन वाटा हव्यात. वरच्या रहस्यात मोरीचा दिवा, आजोबांची हळहळ आणि साबणाची वाटी या तीन आहेत. दोन हुकल्या तरी तिसरी उरते. तरीही गाडी रुतली तर सूत्रधाराने उत्तर सांगू नये, प्रश्न सरकवावा: ‘आंघोळीला काय काय लागतं रे?’

चुणचुणीत मुलाला आवरण्यापेक्षा कामं वाटून टाका. पट्टी बुडवायचा अधिकार फक्त गडाच्या वैद्याला, आणि वैद्य म्हणजे सगळ्यांत शांत मूल. पहिला प्रश्न नेहमी सगळ्यांत लहानाने विचारायचा. चिठ्ठी वाचणारा वेगळा, ती नोंदणारा चिटणीस वेगळा. असं केलं की कुणालाच एकट्याने पुढे पळता येत नाही.

मुलांनी काढलेली उकल तुमच्या उकलीपेक्षा मजेदार असेल, तर निर्लज्जपणे तुमची बदला. त्यांना काय कळणार आहे!

आजी-आजोबा म्हणतात, ‘आम्हाला नाही बाई नाटक जमत.’

नाटक नकोच. त्यांना सांगा, फक्त थाप मारायची आणि पकडलं गेलं की कबूल करायचं. चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहा, आदल्या रात्री द्या. ज्यांना अजिबात बोलायचं नाही, त्यांना न्यायाधीश करून खुर्चीत बसवा. पहिल्या पाच मिनिटांत तेही मधे बोलू लागतात.

गणपतीत खेळला तर देवाची थट्टा होईल का?

मखर, मूर्ती आणि नैवेद्य यांना खेळाबाहेर ठेवलं की प्रश्नच येत नाही. एकवीस मोदकांतला एक ‘पळवू’ नका. ज्यांच्याकडे सोवळं पाळतात तिथे स्वयंपाकघरही वर्ज्य. मोदकाचा साचा मात्र खुशाल हरवू द्या. पिठातली इवली पावलं कोपऱ्यापर्यंत नेली की चार वर्षांची मुलंसुद्धा उंदीरमामाचं नाव घेतात, आणि त्यांच्यासाठी रहस्य तेवढंच पुरतं. मोठ्यांपैकीच चोर हवा हा नियम मामांनी मोडत नाही, असं मी धरतो.

गोव्यात, तळकोकणात चतुर्दशीची सकाळ सोयीची नाही. मग?

बरोबर. नरकासुर पाहायला रात्रभर जागलेली आणि पहाटे तो जाळून, कारीट फोडून आलेली मुलं सकाळी पेंगत असतात. तुम्ही पाडव्याची दुपार धरा. मावळ्याऐवजी नरकासुराच्या मिशा हरवू शकतात. जाळायच्या आधी त्या काढून ठेवल्या कुणी, हा तपास.

आम्ही परदेशात, घरात तिघंच आहोत. जमेल?

जमेल. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर साक्षीदार करा. चोर करू नका, कारण हजारो मैलांवरून डबा पळवला हे पाच वर्षांचं मूलही मान्य करत नाही. वेळ मात्र जुळवून घ्या. न्यूयॉर्कपेक्षा भारत साडेनऊ तास पुढे असतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की साडेदहा. दिवाळी नेमकी त्याच्या आगेमागे येते. तुमची शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. दिवेलागणीनंतरची वेळ विचारून घ्या. तिघांत दोन संशयित आणि एक कॉलवरचा साक्षीदार पुरे होतात, आणि सूत्रधाराचं काम एखाद्या शेजाऱ्याकडे द्या.

वेशभूषा हवीच का? काय काळजी घ्यायची?

एक फेटा, एक उपरणं, आजोबांची काठी, एवढ्यात भागतं. वेश जेवढा थोडा, तेवढी मुलं लवकर भूमिकेत शिरतात. कापसाची दाढी-मिशी दिवाळीत तरी नको. पणतीजवळ वाकलं की पेट घेते. झुळझुळीत ओढण्या आणि नायलॉनचे झब्बेही नकोत, सुती घाला. खेळ दिवसा खेळा आणि फटाक्यांची वेळ पूर्ण वेगळी ठेवा.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मणी, गोट्या, शेंगदाणे पुराव्यात नकोत. छोट्या दिव्यांतले आणि टॉर्चमधले चपटे बटण-सेल स्क्रूने बंद आहेत ना ते पाहा. असा सेल गिळला गेला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो.

बक्षीस काय द्यावं?

सगळ्यांना मिळून एकच. चकलीचा डबा फोडायचा मान चालतो.

मुलं रोज नवं रहस्य मागतात. आणायचं कुठून?

त्यांच्याकडूनच. दुसऱ्या दिवशी त्यांना सूत्रधार करा आणि मोठ्यांनी हेर व्हा. चोर तेव्हाही मोठ्यांपैकीच कुणीतरी, फक्त नाव मुलं ठरवतील आणि त्या माणसाच्या कानात सांगतील. ते घरभर ऐकू येईल, तरी ऐकलं नाही असं दाखवायचं. पुरावे एकमेकांशी जुळणार नाहीत, आकाशकंदील चंद्रावरच्या माणसाने नेलेला असेल. हसू नका. वही काढा, चंद्रावरच्या माणसाची उंची विचारा, त्याच्या चपलेचा नंबर लिहून घ्या.

ओवाळणीचं पाकीट मात्र कुठल्याच रहस्यात गायब करू नका. त्यावरून खरी भांडणं होतात.